शिडाच्या होडीत काय ऐकावे?

पिंपरी-चिंचवडच्या माणसाने शिडाच्या होडीतल्या गाण्यांवर लिहायला घ्यावे, हे ऐकून काहीजण हसतील. खुशाल हसावे. समुद्र आमच्यापासून घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आमच्या नद्या तीन, पवना, इंद्रायणी आणि मुळा. आणि त्यांत आज होडी घालायची म्हटले तर आधी जलपर्णी उपसण्याचे टेंडर काढावे लागेल. पण सुटीच्या दिवशी पाण्याकडे धावणारी माणसे सगळ्यांत जास्त कुठली असतील, तर ती आमच्याकडची. आठवडाभर भोसरी, चाकण, तळवडे इथल्या शेडमध्ये आणि शनिवार-रविवार अलिबाग, मुरुड, तारकर्ली, नाहीतर निदान पवना धरणाचा काठ. डिकीत चटया, थर्मास, चिवडा आणि हल्ली न चुकता एक गोल डब्यासारखा बिनतारी स्पीकर.

मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर काढली, हे आमच्या सोसायटीत सर्वांना माहीत आहे. त्यामुळे जिन्यात कोणी ना कोणी गाठतेच. 'काका, बोटीत लावायला चांगली गाणी सांगा ना, तुम्हाला कळतं त्यातलं.' माझ्या कादंबऱ्यांविषयी विचारणाऱ्यांपेक्षा होडीतल्या गाण्यांविषयी विचारणारी माणसे मला जास्त भेटतात. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. उत्तर जिन्यात देण्याइतके छोटे नाही, म्हणून इथे देतो.

बँकेने मला किनाऱ्यावर पाठवले तेव्हा समुद्राशी माझा संबंध चौपाटीवरच्या भेळेपुरता होता. आमच्या शाखेत मच्छीमारांची कर्जप्रकरणे पुष्कळ. बहुतेक इंजिनासाठी. शीड-वल्ह्यांच्या होड्या जाऊन यांत्रिक नौका येण्याचा तो काळ बराचसा उरकत आला होता, तरी मागे राहिलेले काही होतेच. तिकडे होडीची ओळखच सिलिंडरवरून देतात. हा 'दोन सिलिंडर', तो 'तीन सिलिंडर', आणि मोठा आसामी असेल तर 'सहा सिलिंडर'. मी पाहणीला जाई, इंजिनाचा नंबर टिपून घेई, तारणाच्या कागदावर सह्या घेई. इंजिन आल्याने त्या माणसांचे भलेच झाले. वारा पडला म्हणून मासळी कुजणे थांबले, वादळाची चाहूल लागताच बंदर गाठता येऊ लागले. शिडाच्या आठवणीने हळवे होणारी मंडळी बहुधा शिडाच्या होडीत रात्र काढलेली नसतात.

पण एक गोष्ट पाहणी अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. मी ते मार्कांपुरते पाठ केले होते. तिकडच्या जुन्या तांडेलांचे सारे आयुष्यच या दोन वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालले होते: पहाटे मतलईवर बाहेर पडायचे, दुपारनंतर खाऱ्यावर परतायचे. वारा फिरला हे त्यांना अंधारातही कळे, आणि ते कळे कानाने. इंजिन सुरू झाले की आधी तो कान निकामी होतो. होडीवर एकमेकांशी बोलायचे तर ओरडावे लागते, तिथे वाऱ्याचे कोण ऐकणार?

शिडाची होडी किती बोलते, हे तिच्यात बसल्याशिवाय कळत नाही. मुरुडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला पर्यटकांना नेणाऱ्या शिडाच्या होड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. तिरप्या वाशाला बांधलेले ते मोठे तिकोनी शीड. धक्क्यावरून निघताना खलाशी दोर ओढतात, तेव्हा कप्पी कुरकुरते. वासा वर सरकताना डोलकाठीवर घासतो, त्याचा एक खरखरीत आवाज. मग शीड वाऱ्यात नुसतेच फडफडत असते. हा आवाज बेशिस्त. वाळत घातलेली सतरंजी वादळात सापडावी तसा. सुकाणूवाला दांडा जरा वळवतो, दोर ताणला जातो, शेवटचा 'फट्' होतो, आणि एकदम शांतता. शिडात वारा भरला. त्या क्षणी होडी किंचित कलते आणि नाळेखाली पाणी बोलू लागते. वाऱ्याचा जोर वाढला की ते बोलणे वाढते. ताणलेल्या दोरांतून बारीक गुणगुण येते. आणि सुकाणूवाल्याने होडी वाऱ्याच्या फार तोंडाशी नेली, तर शिडाची पुढची कड आधी हलकेच थरथरते. त्या थरथरीचा आवाज म्हणजे सूचना: बाबा रे, सांभाळ, वारा सुटतोय. निष्णात माणूस शिडाकडे न पाहता त्या आवाजावर होडी चालवतो.

आणखी एक गंमत. वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे तिरपे तिरपे कापत होडी जाते, तेव्हा सगळा गलका असतो. वारा कानात, पाणी अंगावर. आणि होडी वळवून वाऱ्याच्याच दिशेने जाऊ लागलात की तो गलका अचानक संपतो. होडीचा वेग काही थांबलेला नसतो. पण तुम्ही वाऱ्याबरोबर चाललेले असता, म्हणून वारा लागत नाही आणि ऐकूही येत नाही. पहिल्यांदा हे अनुभवले तेव्हा मला वाटले वारा पडला. तांडेल हसला. म्हणाला, 'साहेब, वारा पडला नाय, तुमी वाऱ्यात शिरलाव.'

आता गाण्यांकडे येतो.

होडीवरची गाणी म्हणून आपण जी ओळखतो ती बहुतेक शिडाची नाहीतच. ती वल्ह्यांची नाहीतर जाळे ओढण्याची आहेत. चार-सहा माणसांना एकाच क्षणी जोर लावायचा असतो, तिथे ठेका लागतो. कोळीगीतांतली ती हिंदकळणारी लय पायाला नाचवते हे खरे, पण तिचे मूळ दंडात आहे. जगभर हेच. इंग्रज खलाशांची दोर ओढण्याची, नांगराचा चरक फिरवण्याची गाणी अशीच होती. एकाने ओळ घालायची, बाकीच्यांनी ओढताना झेलायची. जहाजांवर वाफेचे यंत्र आले, ओढायचे काम यंत्र करू लागले आणि गाण्याचे काम संपले. उरली ती हौसेची.

याउलट बंगालची भटियाली. भाटा म्हणजे ओहोटी, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. ओहोटीच्या किंवा प्रवाहाच्या बरोबर होडी आपोआप चाललेली, वल्हे मारायची गरज नाही, हाती नुसते सुकाणू. तिथे ठेका कशाला? म्हणून भटियालीत सूर लांबच लांब खेचलेले, ताल असून नसल्यासारखा. पलीकडच्या काठापर्यंत पोहोचावा असा आवाज. त्याच बंगालमध्ये होड्यांच्या शर्यतीत म्हणायची 'सारी' गाणी मात्र ठेकेदार. म्हणजे वल्हे असेल तर ठेका, वारा-प्रवाह असेल तर लांब सूर. मला तरी संगीताचा हा नियम फार पटतो. ज्यांना भटियाली कुठे ऐकावी असा प्रश्न पडेल त्यांनी सचिनदेव बर्मन यांचा स्वतःचा आवाज आठवावा. 'सुजाता' (1959) आणि 'बंदिनी' (1963) या दोन चित्रपटांत त्यांनी नावाड्याची गाणी गायली आहेत. तो आवाज कमावलेल्या गवयाचा नाही, काठावरून येणारा आहे. होडीत लावायचे तर माझ्या यादीत पहिले नाव त्यांचे.

दुसरे नाव पन्नालाल घोष यांचे. 1911 साली बारिसालला जन्मलेला हा माणूस. बारिसाल म्हणजे आजच्या बांगलादेशातला नद्यांचा आणि खाड्यांचा जिल्हा. बासरीसारख्या खेळण्यातल्या वाद्याला त्यांनी बत्तीस इंचांपर्यंत लांबवले आणि ख्यालाची मींड तिच्यातून काढून दाखवली. 1960 साली ते गेले. ध्वनिमुद्रणे जुनी आहेत, खरखर आहे. होडीत ती खरखर पाण्यात मिसळून जाते. आलापच लावावा. द्रुत सुरू झाली की मी बंद करतो.

आणि आता जे सांगतो ते आमच्या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या लोकांनी छाती फुगवून ऐकावे. मराठी घराघरांत पोहोचलेली कोळीगीते, 'मी डोलकर' आणि तिची भावंडे, लिहिली शांता शेळके यांनी. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा आणि 'मी डोलकर'मध्ये सोबत हेमंतकुमारांचा, म्हणजे पुन्हा एक बंगाली. शांताबाईंचा जन्म 1922 चा, इंदापूरचा. घर मंचरचे, शाळेची सुरुवात खेडला, म्हणजे राजगुरुनगरला. चाकणहून नाशिककडे निघालात की आधी राजगुरुनगर, मग मंचर. भीमा आणि घोड नद्यांचा, बाजरी-कांद्याचा मुलूख. दर्या तिथून औषधालाही दिसत नाही. तिथल्या मुलीने महाराष्ट्राला दर्याची गाणी द्यावीत! ज्यांना 'तुम्ही घाटावरची माणसे, तुम्हाला होडीतले काय कळते' असे कोकणातले पाहुणे सुनावतात, त्यांनी हे उत्तर खिशात ठेवावे. ती गाणी मात्र, माझे प्रामाणिक मत, होडीत लावू नयेत. घरी लावावीत, समुद्र आठवायला. समुद्रावर असताना समुद्राचे गाणे म्हणजे जेवताना पंगतीचा फोटो पाहण्यासारखे.

पाण्यावर संगीत ऐकायची हौस आपलीच नाही. 17 जुलै 1717 रोजी इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज थेम्स नदीतून नौकाविहाराला निघाला आणि शेजारच्या मोठ्या होडीत पन्नासेक वादकांचा ताफा बसवला होता. संगीत हँडेलचे. राजाला ते इतके आवडले की त्याने ते आणखी दोनदा वाजवायला लावले. वादकांची अवस्था कोणी नोंदवलेली दिसत नाही. पण त्या संगीतात तुताऱ्या आणि शिंगे भरपूर का आहेत, हे उघड्या पाण्यावर बसल्यावर कळते. भिंती नाहीत, छत नाही, आवाज परतून येत नाही. नाजूक तंतुवाद्य दोन वावांवर विरते.

संध्याकाळी मात्र उलटा चमत्कार होतो. पाण्यालगतची हवा गार होते, वरची हवा अजून ऊन असते. वर निघालेला आवाज त्या उबदार थरातून वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून दूरवर जातो. म्हणून धरणाच्या या काठाला बसून पलीकडच्या काठावरचा चहाचा कप ठेवल्याचा आवाजही कधी कधी ऐकू येतो. पवना धरणाच्या पाण्यावर, तुंग आणि तिकोना समोर अंधारात बुडत असताना, मी पलीकडच्या वाडीतल्या भजनाचे टाळ असे ऐकले आहेत, जणू शेजारच्या ओट्यावर कोणी बसले आहे. देहू-आळंदीच्या मुलखात वाढलेल्या कानाला टाळ कुठूनही ओळखू येतात.

पण हाच नियम स्पीकरलाही लागू आहे. तुमच्या तंबूतले गाणे धरणाच्या पलीकडच्या माणसाच्या घरात जाऊन बसते. त्याने ते मागितलेले नसते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. नियम आहे, काठावर तो मोजायला कोण जाते, हा प्रश्न वेगळा.

एकटे समुद्रावर गेलेले लोक काय ऐकतात, याचे मला नेहमी कुतूहल. दिलीप दोंदे या मराठी नौदल अधिकाऱ्याने 2009-10 मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून त्याच नौकेतून 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. पुढे टॉमी 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. या शर्यतीचा नियम असा, की 1968 साली जी साधने होती तेवढीच वापरायची. दिशा पाहायला उपग्रह नाही, आणि गाणी ऐकायची तर कॅसेट! आपल्या घरात माळ्यावर पडलेल्या त्या कॅसेटी, पेन्सिल घालून फीत गुंडाळायच्या. 2018 मध्ये वादळात टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, त्यांना समुद्रातून सोडवावे लागले. ते पुन्हा उतरले आणि 2023 च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. मूळच्या 1968-69 च्या शर्यतीत जी एकमेव नौका पोहोचली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली', ती आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती, हेही जाता जाता.

अशा प्रवाशांना कान म्हणजे चैन नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत पाचवा नियम पहारा ठेवण्याचा आहे, आणि तो म्हणतो की पहारा डोळ्यांनी आणि कानांनी ठेवावा. कानांनी हे शब्द कायद्यात आहेत. धुक्यात शिडाच्या नौकेने दर दोन मिनिटांच्या आत भोंगा द्यायचा असतो, एक लांब आणि दोन आखूड. तो ऐकून दुसऱ्या जहाजाने समजायचे, की पुढे कोणीतरी आहे ज्याला झटकन वळता येत नाही. ही शिडाच्या होडीची स्वतःची तीन सुरांची चीज.

इथवर मी बिनधास्त सांगत होतो, की होडीत स्पीकर नेऊ नका. जिन्यातही तेच सांगत असे. मग अण्णांबरोबर मुरुडला गेलो.

अण्णा आमच्या सोसायटीतले. खरे नाव सांगत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षांवर प्रेस चालवली. पत्रा सारायचा, पॅडल दाबायचे, धाड. पत्रा सारायचा, धाड. दिवसाला हजारो वेळा. मी त्या भागातल्या शाखेत असताना अशा शेडची पाहणी केली आहे. मालकाशी बोलायला आम्ही बाहेर रस्त्यावर येत असू, जिथे ट्रकांची वर्दळ होती, आणि तो रस्ता शांत वाटे. अण्णा तिथे आठ तास असत. सहल ठरली, तेव्हा सर्वांत मोठा स्पीकर त्यांनीच आणला होता, आणि होडीत बसल्याबसल्या पूर्ण आवाजात लावला. मी बंद करायला सांगितले. त्यांनी केला, निमूटपणे. मग मी मघाशी वर्णन केलेले सगळे त्यांना ऐकवू लागलो. ऐका, शीड कसे गप्प झाले. ऐका, नाळेखाली पाणी. अण्णांनी थोडा वेळ मान तिरकी करून प्रयत्न केला आणि म्हणाले, 'साहेब, मला यातलं काहीच येत नाही. तुमचे ओठ हलतायत ते दिसतंय.'

मोठ्या आवाजाने जे बहिरेपण येते ते सगळ्या आवाजांना सारखे लागत नाही. ते आधी बारीक, उंच स्वर खाते. साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. कानात आत शंखासारखी नळी आहे, तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पाखरांचे आवाज, बांगड्या, पाण्याची खळखळ, नातवंडांचे बोलणे, 'स', 'श', 'त' ही अक्षरे, हे सगळे आधी जाते. ढोल, इंजिन, बस शेवटपर्यंत राहते. म्हणून असा माणूस म्हणतो, 'ऐकू येतं हो, पण कळत नाही.' घरचे म्हणतात, यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते. टीव्हीचा आवाज वाढतो, सुनेशी वाद होतात. आमच्या पट्ट्यात अशी घरे किती असतील ते ज्याने त्याने आपल्या जिन्यात मोजावे. गणपतीत आणि लग्नात आमच्याकडे आवाज इतका का लागतो, याचे एक कारण मला त्या होडीत सुचले: ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचे कान त्याहून खालच्या आवाजाला उठतच नाहीत. हा माझा तर्क, शास्त्र नव्हे.

मग त्या दिवशी जे झाले ते तांडेलाने केले, मी नाही. त्याने अण्णांना मागे बोलावले आणि सुकाणूच्या दांड्यावर त्यांचा हात ठेवून वर आपला ठेवला. होडीने वेग घेतला की दांड्याला एक बारीक थरथर येते. पाणी सुकाणूच्या फळीवरून जाते त्याची. वेग वाढला की ती दाट होते, शीड सुटू लागले की तुटते. थोड्या वेळाने तांडेलाने आपला हात काढला. अण्णा बघत बसले नव्हते, डोळे मिटून होते. म्हणाले, 'मशीनसारखंच आहे. लोड आला की हाताला कळतं.' शीड फडफडायच्या आत दोनदा त्यांनी दांडा बरोबर वळवला. मला ती फडफड कानाने कळायची तेव्हा त्यांना ती आधीच हाताने कळलेली होती.

परतताना किनाऱ्यावर त्यांनी स्पीकर पुन्हा लावला. या वेळी मी काही बोललो नाही. त्यांना ऐकू येईल असे संगीत तेवढेच उरले आहे. पण ते कोणी हिरावले, हा हिशेब मनात राहिला; जुनी सवय. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, 100 डेसिबल असेल तर दोन तास, 105 असेल तर एक. आवाजाने येणारे बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातले होते, म्हणजे ज्यांची खबर देणे बंधनकारक, त्यांत. अण्णांना तीस वर्षांत कोणी कानात घालायचे बोळे दिले नाहीत, आणि श्रवण तपासणी हा शब्द त्यांनी निवृत्तीनंतर ऐकला. आज चाकणच्या मोठ्या कारखान्यांत बोळे मिळतात, कानटोप मिळतात, वर्षाला तपासणीही होते. छोट्या शेडमध्ये काय होते, ते तिथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांनी विचारावे. तपासणीचा कागद मागून घ्यावा. त्यावर 4000 च्या खुणेपाशी रेघ खाली उतरू लागलेली दिसते, माणसाला स्वतःला कळण्याच्या कितीतरी आधी. ते दिसले की पुढची काही वर्षे वाचवता येतात. अण्णांचा मुलगा चाकणला आहे. त्याच्या कागदाची आम्ही दोघांनी मिळून चौकशी केली आहे. अजून रेघ सरळ आहे.

ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांच्यासाठी मात्र माझी यादी ती आणि तेवढीच. सचिनदेव बर्मन, एक. पन्नालाल घोषांचा आलाप, एक. लावायचे तर धक्क्याला होडी बांधलेली असताना, आणि आवाज असा की शेजारच्या होडीतल्याने वळून पाहू नये. शीळ मात्र वाजवू नका. युरोपातल्या खलाशांची समजूत होती की जहाजावर शीळ घातली की वारा चवताळतो. आपल्या तांडेलाला विचारले तर तो म्हणाला, 'शिळेनं काय होत नाय, पण कोनी घातली की मला आवडत नाय.' तेवढे पुरे.

मुरुडला जायचे तर पाऊस संपल्यावर जावे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. राजपुरीला इंजिनाच्या बोटीही मिळतात. गर्दीच्या दिवशी तुम्हाला तिच्यातच बसवतील. शिडाची हवी म्हणून सांगावे. वेळ थोडा जास्त लागतो, आणि वारा पडला तर आणखी. मागे, सुकाणूजवळची जागा मागून घ्यावी. मुलांना पुढे बसू द्यावे, नाळेपाशी.